टिन्सली शेवटी चुकल्याच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

खगोलशास्त्रज्ञ बिअट्रिस टिन्सलींवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही दोन ओळींत उरकत नाही. तुमचे आक्षेप तीन. टिन्सलींना मोठं करायला मी त्यांच्या मताला विरोध करणारे खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज यांना हटवादी ठरवलं. टिन्सलींनी उचलून धरलेलं विश्वाचं चित्रही 1998मध्ये, विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे दिसल्यावर, मोडीत निघालं, म्हणजे चुकले दोघंही. आणि दुर्बिणीऐवजी संगणकाशी बसून आकडेमोड करणाऱ्या बाईंना दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांच्या, थोर अभ्यासक म्हणणं अतिशयोक्तीचं आहे.

पहिला आक्षेप मान्य. नुसता मान्य नाही, तुम्ही म्हणता त्याहून माझी चूक मोठी आहे. प्रकाश पोचायला वेळ लागतो म्हणून दूरच्या दीर्घिका आपल्याला त्यांच्या तरुणपणी दिसतात, त्यामुळे त्यांच्या तेजात दुरुस्ती करावी लागेल, या विषयावर खुद्द सँडेज यांनीच 1961मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला होता. माझ्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की त्यांना हे सुचलंच नव्हतं. सुचलं होतं. वाद होता तो दुरुस्ती केवढी, यावर.

पण तो 'केवढी' हाच सगळा मुद्दा आहे, आणि तिथे मी तुमच्याशी सहमत नाही.

त्या काळी विश्वशास्त्रातला मोठा प्रश्न होता: विश्वाच्या प्रसरणाचा वेग किती घटतो आहे? तो शोधायला अशी वस्तू हवी जिचं मूळ तेज ठाऊक आहे. ती किती मंद दिसते त्यावरून अंतर काढायचं आणि ताम्रसृतीशी, म्हणजे प्रसरणामुळे तिचा प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याच्याशी (वस्तू जितकी दूर तितकी ती जास्त), ताडून पाहायचं. सँडेज यांनी त्यासाठी दीर्घिकांच्या गुच्छांमधल्या सर्वांत तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका निवडल्या. कारण त्या एकसारख्या दिसतात, खूप दूरवरूनही सापडतात आणि त्यांच्यात नवे तारे जवळपास जन्मत नाहीत. पॅलोमारच्या पाच मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर त्यांनी यासाठी वर्षानुवर्षं घालवली. 1972च्या सुमाराला त्यांची मापं बंदिस्त विश्वाकडे, म्हणजे कधीतरी पुन्हा आकसत जाणाऱ्या विश्वाकडे झुकत होती.

टिन्सलींचं म्हणणं असं: नवे तारे जन्मत नसले तरी जुने म्हातारे होतातच. अशा दीर्घिकेचा बराचसा प्रकाश तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडून येतो, म्हणजे ज्यांच्या गाभ्यातला हायड्रोजन नुकताच संपला आहे अशा ताऱ्यांकडून. भारी तारे आधी संपतात, हलके मागाहून. काळ जातो तशी या टप्प्यावर पोचणाऱ्यांची गर्दी ओसरत जाते आणि दीर्घिका मंदावत जाते. म्हणजे दूरची, जुन्या काळातली दीर्घिका मुळातच जास्त उजळ होती. हे धरलं नाही तर ती आपल्याला आहे त्यापेक्षा जवळ वाटते आणि विश्व बंदिस्त असल्याचा भास होतो. अब्ज वर्षांत काही टक्क्यांचा फरकसुद्धा उत्तर उलटंपालटं करायला पुरतो. मोजपट्टीच आखडत असेल, तर कापड कितीही काळजीने मोजा.

गंमत म्हणजे 1975मध्ये ऑस्ट्रायकर आणि ट्रेमेन यांनी नेमकी उलट दिशेची दुरुस्ती दाखवली: गुच्छाच्या मध्यावरची दीर्घिका शेजारणींना गिळत जाते आणि काळानुसार अधिक उजळ होते. आता कुठली दुरुस्ती किती, हे ठरवायलाच दीर्घिकांची उत्क्रांती आधी समजायला हवी. विश्वाचा आकार मोजायला निघालेली पद्धत तिथेच अडकली, आणि दीर्घिका कशा बदलतात हा एरवी अडथळा मानला जाणारा प्रश्न स्वतःच एक विषय झाला. मला टिन्सलींचं मोठेपण इथे दिसतं.

आता 1998. टिन्सलींचं जे चित्र मोडीत निघालं म्हणता, ते 1974च्या एका निबंधातलं. गॉट, गन, श्रॅम आणि टिन्सली यांनी त्यात ड्युटेरियमचं (जड हायड्रोजनचं) प्रमाण, पदार्थाची घनता, ताऱ्यांची वयं असे वेगवेगळे पुरावे जमवून विश्व खुलं, म्हणजे कायम प्रसरण पावत राहणारं, असावं असा निष्कर्ष काढला. तो पूर्ण बरोबर नव्हता, खरं आहे. पण पुढच्याच वर्षी जेम्स गन आणि टिन्सली यांचा एक छोटा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्यात आइन्स्टाइनचा टाकून दिलेला वैश्विक स्थिरांक (प्रसरणाला ढकलणारं त्याच्या समीकरणातलं पद) परत आणून त्यांनी प्रसरणाचा वेग वाढत असल्याची शक्यता मांडली. 1998च्या तेवीस वर्षं आधी!

हे वाचून 'बघा, त्यांना आधीच कळलं होतं' असं मी म्हणणार नाही. तो पुरावा दीर्घिकांच्या त्याच डळमळीत तेजावर उभा होता, आणि तेवढ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही हे योग्यच झालं. 1998मध्ये दोन गटांनी दीर्घिका सोडून अतिनवतारे, म्हणजे स्फोट होणारे तारे, वापरले, तेव्हा कुठे गोष्ट पटली. आणि त्या दोन्ही गटांनाही आपापल्या निबंधांत आधी कशाला तोंड द्यावं लागलं? जुन्या काळातले स्फोट आजच्याइतकेच तेजस्वी होते का, यालाच.

तिसऱ्या आक्षेपावर जरा चिडलेच. 1966च्या प्रबंधात टिन्सलींनी जे केलं ते थोडक्यात असं: कुठल्या वस्तुमानाचे किती तारे जन्मतात ते गृहीत धरायचं, प्रत्येकाचं आयुष्य भौतिकीच्या नियमांनी पुढे न्यायचं आणि टप्प्याटप्प्याला सगळ्यांचा प्रकाश मिळवून दीर्घिकेचा रंग काढायचा. मग तो खऱ्या दीर्घिकांच्या रंगांशी ताडायचा. हे काम त्यांनी डॅलसच्या घरून जवळपास 300 किलोमीटरवरच्या ऑस्टिनच्या विद्यापीठात ये-जा करत पुरं केलं. आज जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमेतल्या एखाद्या दीर्घिकेचं 'वस्तुमान' किंवा 'वय' तुम्ही बातमीत वाचता, तेव्हा तो आकडा बहुधा याच रीतीच्या सुधारित आवृत्तीतून आलेला असतो. निव्वळ प्रतिमेत वय दिसत नाही हो.

ही रीत फसते का? फसते. 2022मध्ये वेबच्या प्रतिमांत एका दीर्घिकेची ताम्रसृती 16च्या वर निघाली, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम पाव अब्ज वर्षांनंतरची. पुढे वर्णपट घेतला, म्हणजे तिचा प्रकाश रंगारंगांत फोडून पाहिला, तर ताम्रसृती निघाली 4.9. धुळीने तांबडी झालेली, तीव्र उत्सर्जन रेषांची (ठरावीक रंगांत जास्त चमकणारी) ती दीर्घिका दुर्बिणीच्या नेमक्या रंग-गाळण्यांमधून फार दूरची भासली होती. तुमच्या 'आकडेमोडी'बद्दलच्या संशयाला हे उदाहरण माझ्याकडून भेट. फक्त, ती चूक उघडी पाडली तीही याच क्षेत्रातल्या माणसांनी, वर्षभराच्या आत.

जाता जाता तुम्ही लिहिलंत की मुलांना सोडून येल विद्यापीठात जाण्याचा निर्णय मी 'दोन ओळींत झाकला'. झाकला नाही, पण घाई केली हे खरं. डॅलसमध्ये त्यांना कायमची योग्य नोकरी मिळाली नाही, 1974मध्ये घटस्फोट झाला, दोन्ही मुलं वडिलांकडे राहिली. 1981मध्ये कर्करोगाने गेल्या तेव्हा त्या 40 वर्षांच्या होत्या. त्या निर्णयाची त्यांना काय किंमत पडली, हे मी बाहेरून लिहिणं मला जमणार नाही, म्हणून ते तसंच ठेवते.

सँडेज यांच्या 1961च्या निबंधाचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालते आहे. टिन्सलींनी धरलेली दुरुस्ती प्रत्यक्षापेक्षा मोठी होती, असं तुम्ही ओझरतं म्हटलंय. ते कुठल्या दीर्घिकांच्या मापांवरून, तेवढं मात्र कळवा.