नाही आवडली म्हणजे नाही आवडली!

'कादंबरी कशी वाटली?' असं विचारता तेव्हा तुम्हाला उत्तर हवं असतं की टाळी? टाळी हवी असेल तर तसं आधीच सांगा ना. वाजवून मोकळी होते, घरी जाऊन कुकर लावायचा असतो मला.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. गच्चीवर सतरंज्या, सुरळीच्या वड्या, कॉफी. वड्यांबद्दल काही तक्रार नाही. या वेळी कर्णावरची 'मृत्युंजय' होती. अख्खी वाचली, चाळली नाही, आणि माझी पाळी आली तेव्हा म्हटलं की मला दमवलं हो या कादंबरीनं. बस्स, एवढंच. तर समोरचे काका कप खाली ठेवून म्हणतात, "म्हणजे तुम्हाला कर्ण मान्य नाही?"

अहो काका! कर्ण मान्य किंवा अमान्य करणारी मी कोण? शिवाजी सावंतांनी लिहिलेल्या, १९६७ साली छापून आलेल्या एका पुस्तकाबद्दल बोलतेय मी. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं गोष्ट सांगतात. कल्पना झकासच आहे. पण सहाही जण एकाच मास्तरांच्या शिकवणीला गेल्यासारखे बोलतात, त्याचं काय? कुंतीची उपमा उचलून दुर्योधनाच्या तोंडी घातली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. सूर्य उगवला की पानभर, मावळला की आणखी पानभर. हे सांगत होते तेवढ्यात एक काकू मायेनं म्हणाल्या, "अगं, तू शाळेत असताना वाचायला हवी होतीस."

हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. चाळिशीला टेकलेल्या बाईनं आता काय, गणवेश चढवून वाचायचं? आणि फक्त शाळकरी वयातच आवडू शकते, ही कादंबरीची स्तुती झाली का? तिच्या चाहत्यांनीच तिला एवढं खाली आणून ठेवावं!

मग कर्णावरच्या अन्यायांची उजळणी सुरू झाली आणि गाडी स्वयंवरावर आली. मी म्हटलं, भांडारकर संस्थेनं इथे, आपल्याच लॉ कॉलेज रोडला, पिढी खर्ची घालून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली. १९६६ साली, म्हणजे ही कादंबरी यायच्या आदल्याच वर्षी, काम पुरं झालं. आणि त्यांनी 'मी सूताला वरणार नाही' हे द्रौपदीचं बोलणं मूळ संहितेत घेतलेलं नाही, नंतरची भर म्हणून बाजूला ठेवलंय. कादंबरीकारानं ते खुशाल घ्यावं, तो त्याचा हक्क आहे. तुम्ही मात्र ते पुरावा म्हणून माझ्या अंगावर फेकू नका. तर काका काय म्हणाले असतील? "असं कसं, आम्ही वाचलंय ना!" कोथरूडहून रिक्षानं दहा मिनिटांवर संस्था, पण जायचं कशाला? आम्ही वाचलंय!

लायब्ररीच्या प्रतीतही हेच. सदाशिव पेठेतली जुनी लायब्ररी, नाव कशाला सांगू, पण तिथल्या पुस्तकात कोरं पान मिळणं मुश्कील. लाल बॉलपेनानं अधोरेखित ओळी, समासात 'व्वा!', पुढच्या पानावर 'अन्याय!!', त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'खरे आहे'. फक्त एका इसमानं पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. त्या अख्ख्या प्रतीत आदर वाटावा असा तेवढाच एक वाचक.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ची चर्चा झाली तेव्हा लोकांनी वहीत उतरवून आणलेली सुभाषितं वाचून दाखवली आणि कॉफी आली. कादंबरीचं कुणी काढलंच नाही. वपुंच्या, म्हणजे व. पु. काळ्यांच्या नावानं रोज सकाळी व्हॉट्सॲपवर जे काही येतं, ते त्यांचं की आणखी कुणाचं, देव जाणे.

बरं, मी काही ऊठसूट नावं ठेवणारी नाही. 'स्वामी' मला आवडते. सत्ताविशीत थेऊरला गेलेला तो पेशवा, आजारानं पोखरलेला, आणि तरी डोकं राज्याच्या हिशेबात. शेवटाकडे मी रडलेय. पण त्याच दमात मी म्हणाले की माधवराव-रमाबाईंचे लटके रुसवे जरा कमी चालले असते. संपलं! "इतिहासाचा अभ्यास करून बोला." रणजित देसाईंनी १९६२ साली लिहिलेले संवाद म्हणजे शनिवारवाड्यातलं टिपण आहे का? यातलेच एक जण थेऊरला समाधीपुढे उभं राहून ते संवाद म्हणून दाखवतात, डोळे मिटून. तिथे मी काय बोलणार?

सावंतांच्याच 'छावा' कादंबरीबद्दल तर तोंडच उघडत नाही. २०२५ साली सिनेमा आल्यापासून तिच्या वाक्यरचनेबद्दल अक्षर काढलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

आणि दुसरी पार्टी काही कमी नाही. ही मंडळी पहिल्या पार्टीला हसतात, वगैरे वगैरे करत बोलतात आणि त्यांची पोथी म्हणजे भालचंद्र नेमाडेंची 'कोसला'. खानदेशातला मुलगा शिकायला पुण्यात येतो आणि या गावाची, इथल्या कॉलेजांची यथेच्छ टर उडवतो, आणि तेच पुस्तक पुणेकर डोक्यावर घेऊन नाचतात. ती गंमत निराळी. मला 'कोसला' मनापासून आवडते. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा भाग वाचला की दिवसभर दुसरं काही सुचत नाही, आणि ती पानं नसती तर बाकीच्या पुस्तकाला माझ्या लेखी एवढी किंमत नसती. हे एकदा बोलून दाखवलं, तर झब्बा घातलेला एक तरुण म्हणाला, "तुम्ही फार भावनिक वाचताय, ताई. ती अस्तित्ववादी कादंबरी आहे."

म्हणजे आवडली नाही तर का नाही, याचा जाब द्यायचा आणि आवडली तर यांच्याच कारणासाठी आवडून घ्यायची!

पुढच्या महिन्यात कट्ट्यावर 'कोसला'च आहे. झब्बा येणार आहे, काकाही येणार आहेत. मी मनीबद्दलच बोलणार, आणि कुणी मधे तोंड घातलं तर वड्यांची ताटली उचलून खाली जाणार. या खेपेला वड्या माझ्याकडे आहेत.