दुबईत करपून जाण्याचं मेथड स्टेटमेंट

मेथड स्टेटमेंट म्हणजे साइटवर काम कसं करायचं, ते पायरी-पायरीने सांगणारा कागद. हा दुबईच्या साइटवर निघालेल्या इंजिनिअरसाठी; काम एकच, करपून जाणं, म्हणजे बर्नआउट. सुरुवात ठाण्यातूनच करावी लागते. व्हिसा हातात पडण्याआधी घोडबंदर रोडवर, जमलं तर कासारवडवलीच्या पुढे, टू बीएचके बुक करा आणि हप्ता दिरहमच्या भरवशावर ठरवा. पाया भक्कम हवा. हप्ता चालू असला की माणूस राजीनामा देत नाही. ऑफर लेटरमधला एकूण आकडा तेवढा वाचा. बारा हजार दिरहम! त्यात मूळ पगार पाचच हजार, ग्रॅच्युइटी फक्त त्याच्यावर, पहिली पाच वर्षं दरसाल २१ दिवसांची, म्हणजे साडेतीन हजार. असले हिशेब मेव्हण्याला करू द्या.

खरा बहर उन्हाळ्यात येतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर काम करायला बंदी असते. मजूर सावलीत पडतील. तुम्ही केबिनमध्ये बसून कन्सल्टंटच्या, म्हणजे मालकातर्फे काम तपासणाऱ्याच्या, पत्रांना उत्तरं लिहा. ओतताना काँक्रीट साधारण ३२ अंशांच्या वर गेलं की गाडी परत पाठवतात, म्हणून प्लँटवर मिश्रणात बर्फ घालतात आणि स्लॅब रात्री भरतात. ३०० घनमीटर म्हणजे आठ-आठ घनमीटरच्या अडतीस गाड्या. बाराव्या गाडीला पंप तुंबतो. दुसरा पंप येईपर्यंत कोल्ड जॉइंटच्या (आधीचं काँक्रीट घट्ट झालं की नवं त्याला नीट जुळत नाही) धास्तीने उभे राहा, मग उजाडतंच. तुम्ही किती तापलात की परत पाठवायचं, हे मात्र कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नाही. सातला टूलबॉक्स टॉक, म्हणजे मजुरांना सुरक्षिततेचे चार शब्द, दहाला प्रोग्रेस मीटिंग. ड्रॉइंग सहा आठवडे कन्सल्टंटकडे पडून होतं, ते सहा आठवडे तुमच्या रविवारांमधून भरून काढायचे असतात. याला रिकव्हरी प्रोग्रॅम म्हणतात. मान डोलवा.

तशाच डोळ्यांनी पुढच्या स्लॅबची सळई तपासा. सळई शटरिंगपासून वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक कमी पडलेत हे दिसणार नाही, सही होईल, आणि शटरिंग काढल्यावर खालची सळई उघडी दिसेल. मग एनसीआर, म्हणजे चुकीच्या कामाची नोंद करणारा अहवाल, येतो. त्यात ‘मूळ कारण’ असा रकाना असतो. तिथे ‘देखरेखीत त्रुटी’ लिहा आणि उपायाच्या रकान्यात ‘पुन्हा प्रशिक्षण’. प्रशिक्षण तुम्हालाच, शुक्रवारी संध्याकाळी. सव्वीस तास जागा असलेला माणूस सही करत होता, हे लिहायला रकाना नाही. फॉर्म बनवणारेही आपल्यासारखेच असणार.

फिडिकच्या, म्हणजे बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात कंत्राटदाराला जादा मुदतीच्या किंवा पैशाच्या क्लेमची नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो. तुमच्या रक्तदाबाने नोटीस मार्चमध्येच दिली होती. पोच देऊ नका.

डॉक्टर तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही बर्नआउट आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून आहे. मग तक्रार कसली? अमिरातीच्या कायद्याने प्रोबेशन संपल्यावर आजारपणाची वर्षाला ९० दिवस रजा मिळते, पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले ४५ बिनपगारी. हे एचआरला विचारणं अपशकुनी. त्याच आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त. तुमचे रोजचे दहा, दिवस सहा. गुणाकार करू नका.

घरी फोन रात्री साडेआठला लावा. ठाण्यात दहा वाजलेले असतात, मुलगी झोपलेली. “जेवलात का?” ला “हो” म्हणा.

वार्षिक रजा ३० दिवसांची, घ्या ९. त्यातला एक कासारवडवलीला द्या. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा, बाथरूमचा उतार बघायला बादलीभर पाणी ओता. पझेशन अर्थात पुढे गेलेलं असेल. तिथला साइट इंजिनिअर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, फुल्या मोजत म्हणेल, “साहेब, पुढच्या महिन्यात नक्की.” मग जरा जवळ येऊन, हळूच, “तिकडे काही असेल तर बघा ना साहेब.”

“बघतो” म्हणा. सीव्ही व्हॉट्सॅपवर मागवा.