आत्या बदाम कशी सांगते?

सत्तरी ओलांडलेल्या, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या बाईवर पत्त्यांत लबाडी केल्याचा संशय घेणं सोपं नसतं. त्यातून ती सख्खी आत्या असेल आणि उद्याचे उकडीचे मोदक तिच्याच हातचे असतील, तर संशय गिळण्यावाचून गत्यंतर नाही. मी तो दर गणपतीत गिळतो. मोदकांबरोबर, वर तूप घालून.

दापोलीजवळच्या आमच्या घरी रात्रीची आरती, मंत्रपुष्प, जेवणं आटोपली की ओटीवर सतरंजी पडते. पोरंटोरं एका कोपऱ्यात झब्बू खेळतात. माजघरात दार लोटून तीन पानी चालू असतं. तिथे पैसे लागतात हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असून कोणालाच ठाऊक नसतं. ओटीच्या मधोमध मात्र मेंढीकोट. एकीकडे आत्या आणि अण्णाकाका, म्हणजे सख्खी भावंडं. दुसरीकडे मी आणि माझी बायको. आम्ही पैसे लावत नाही. आमच्यात कोट खाणारी जोडी दुसऱ्या दिवशीचे नारळ खवते. घरात माणसं तीस, मोदकांवर कोणी मर्यादा पाळत नाही, आणि विळी आजोबांच्या काळातली. तीन पानीवाले माजघरातून पाच-पन्नास रुपये हरून हसत बाहेर येतात. माझ्या अंगठ्याला मात्र पट्टी असते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन गेल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर तेरांपैकी ज्यांचे हात जास्त ते जिंकले. चारही मेंढ्या एकाच जोडीने ओढल्या तर समोरच्यांवर कोट. आणि भिडूशी पानांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. सगळी गोम या शेवटच्या कलमात आहे.

परवाचाच डाव घ्या. हुकूम किल्वर. माझ्याकडे बदामाचं एकच पान उरलं होतं, आणि ते म्हणजे दश्शी. चेहरा दगडासारखा ठेवून बसलो होतो. उतारी अण्णाकाकांची. ते इस्पिकच्या पानाला हात घालणार, तेवढ्यात आत्याने नाकावर घसरलेला चष्मा बोटाने वर केला आणि म्हणाली, "पांडुरंगा, काय उकडतंय!" काकांचा हात थबकला. इस्पिक मागे गेलं आणि बदामाचा एक्का सतरंजीवर पडला. माझी मेंढी गेली. आता बाहेर धो धो पाऊस कोसळत होता आणि मी अंगावर शाल घेतली होती. उकडत कुठून होतं?

माझी उभी हयात ऑडिटमध्ये गेली. आरोप करण्याआधी कागद लागतो. आरत्यांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मी नोंदी सुरू केल्या. चष्मा वर केला, बदाम आलं. चष्मा वर केला, किल्वर आलं. चष्मा वर केला, काही आलं नाही, आत्याने सुपारी कातरली. "पांडुरंगा"वर एकदा इस्पिक, एकदा चौकट. "विठ्ठला"वर मात्र दोन्ही वेळा मेंढीच गेली. म्हणजे एक तर खुणा नाहीतच, किंवा आहेत आणि ओटीपीसारख्या दर डावाला बदलतात. ऑडिटरला दुसरी शक्यता नेहमीच जास्त पटते.

आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त विहिरीपाशी. तिथे छत्री धरून उभं राहून मी या विषयाचा अभ्यास केला, आणि आपण एकटे नाही हे कळून फार बरं वाटलं. ब्रिज या जोडीने खेळायच्या पत्त्यांच्या खेळाची जगज्जेतेपदाची स्पर्धा असते, बर्म्युडा बोल. १९६५ साली ती ब्युनोस आयरिसला होती. तिथे ब्रिटनच्या रीस आणि शापिरो या नामांकित जोडीवर ठपका आला, की पत्ते धरताना मागे किती बोटं दिसतात त्यावरून ते एकमेकांना बदामाची पानं किती ते सांगतात. बदामच! जागतिक महासंघाने त्यांना दोषी धरलं. मायदेशी वेगळी चौकशी झाली, ती पुढच्या वर्षापर्यंत चालली आणि त्यांना निर्दोष ठरवून मोकळी झाली. कारण बोटं दिसतात म्हणावं, तर पानं खेळण्यात त्या माहितीचा फायदा घेतल्याचं दिसेना. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. आत्याचंही हेच! चष्मा वर करून झाल्यावर ती कधी कधी इतकं टुकार पान टाकते की कुठलीही चौकशी समिती तिची माफी मागेल.

याच स्पर्धेतलं १९७५ सालचं प्रकरण त्याहून सरस. इटलीच्या जोडीतला एक जण टेबलाखालून भिडूचा पाय दाबताना सापडला. त्या स्पर्धेत भिडूंनी एकमेकांची तोंडं पाहू नयेत म्हणून टेबलावर पडदे आडवे लावले होतेच, मग पायही पोचू नयेत म्हणून टेबलाखाली अडसर घातला गेला. शिक्षा म्हणाल तर नुसती ताकीद. आणि करंडक इटलीनेच नेला. आमच्या ओटीवर पडदा एकच, गणपतीच्या मखराचा. तो मागायचा कुणाच्या तोंडाने?

"खुणा जाऊ दे, ती वाटतानाच काहीतरी करते," बायकोने दुसरी आघाडी उघडली. आदल्या रात्री आत्याच्या एकटीच्या हातात चारही मेंढ्या आल्या होत्या. मी विहिरीवर गणित मांडलं. चारही दश्श्या दोघा भिडूंत मिळून येणं साधारण अठरा डावांत एकदा घडतं, तेव्हा त्यात नवल नाही. पण एकाच हातात येणं म्हणजे ३७९ डावांत एकदा. आता पिसण्याचं बघा. डायकोनिस आणि बायर या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं, की जोड दोन भागांत धरून फर्रर्र करत एकमेकांत मिसळला तरी नीट पिसला जायला सात वेळा तसं करावं लागतं. आत्या फर्रर्र करत नाही. ती डाव्या हातातल्या गठ्ठ्यातून चिमूटभर पानं उचलून पुढे टाकते, असं तीनदा करते आणि वाटायला लागते. "जास्त पिसलं की पानं रुसतात," हा तिचा सिद्धान्त. आधीच्या डावातले हात चार-चारच्या चवडीत एकाच रंगाचे पडलेले असतात, आणि मेंढीकोटात वाटायचं पाच-चार-चार. मग कुणाच्या तरी हातात एका रंगाची जत्रा भरणारच. म्हणजे आळसाने पिसणं आणि लबाडीने पिसणं यात बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. या मुद्द्यावर माझं ऑडिट कायमचं लटकलं.

तोंडावर विचारणं शक्य नव्हतं. एकदा मी आडून म्हटलं, "आत्या, तुमचं दोघांचं अगदी मनकवडं असतं हो!" ती म्हणाली, "मेल्या, तो पाळण्यात होता तेव्हापासून ओळखते त्याला." हा कबुलीजबाब होता की इन्कार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी बायको म्हणाली, "तेही करतात ना? मग आपणही करू." काट्याने काटा. मखराआड बसून खुणा ठरवल्या. खोकला म्हणजे इस्पिक, बांगड्या वाजल्या तर बदाम, ओढणी सारखी केली तर चौकट, जांभई म्हणजे किल्वर. रात्री साडेबाराला जांभई ही खूण धरणं कितपत शहाणपणाचं, असं मी विचारलंही. "दुसरं सुचव मग," म्हणाली. मला दुसरं सुचलं नाही.

पहिल्याच डावात तिने एकामागून एक अशा जांभया दिल्या की माझ्याकडची सगळी किल्वरं मी उतरवून बसलो. तिच्याकडे किल्वरचं एकही पान नव्हतं. तिला खरोखरच झोप येत होती. दुसऱ्या डावात कोणीतरी देवापुढे धूप घातला. ती खोकली. मी इस्पिक टाकलं. ती परत खोकली. मी परत इस्पिक. तिने डोळे वटारले, ही खूण आमच्या ठरावात नव्हती, तेव्हा मी आणखी एक इस्पिक टाकलं. त्यावर काकांनी शांतपणे हुकूम मारून बायकोची मेंढी ओढली. आमच्यावर कोट.

तिसऱ्या डावाला आत्याने पानं लावली, चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि ओटीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अण्णा, बदाम उतर रे."

मी ताडकन उठलो. "आत्या! भिडूला पान सांगायचं नसतं!"

"मग काय करू?" आत्या म्हणाली. "खोकू?"