सोन्याचा १ मार्क खोटा नाही: दुकानमालकाचे उत्तर

आदरणीय महोदय,

आमच्या दुकानाला एकच तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी काल रात्री वाचला. शनिवारी आपल्याला पाऊण तास ताटकळत बसावे लागले आणि अखेरीस माझा आवाजही चढला, याबद्दल मी आपली क्षमा मागतो. मात्र "खोटे नाणे गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला" हे आपले शब्द मला फार लागले. जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये गेली एकोणीस वर्षे हे छोटे दुकान केवळ विश्वासावर चालले आहे आणि आपला मजकूर इथली मराठी मंडळी वाचत आहेत, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे.

आपला आक्षेप असा की, आपल्या वडिलांनी जपून ठेवलेल्या १ मार्कच्या, म्हणजे युरोपूर्वीच्या जर्मन चलनाच्या, नाण्यावर गरुडाभोवती 'बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांट' (जर्मन संघीय प्रजासत्ताक) अशी अक्षरे आहेत, तर मी दाखवलेल्या सोन्याच्या नाण्यावर 'डॉइचे बुंडेसबांक', म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे नाव, लिहिले आहे, म्हणून ते बनावट. महोदय, हीच अक्षरे तर त्या नाण्याची ओळख आहेत. आपल्याकडे नोटेवर रिझर्व्ह बँकेचे नाव असते आणि नाणी सरकारची असतात, तशीच इथलीही रीत. परंतु मार्क जाऊन युरो येणार हे ठरल्यावर निरोपाच्या या एका नाण्यासाठी डिसेंबर २००० मध्ये खास कायदा करण्यात आला आणि २६ जुलै २००१ रोजी मध्यवर्ती बँकेने ते स्वतःच्या नावाने काढले. ज्या बँकेने इतकी वर्षे मार्क सांभाळला, तिचेच नाव त्याच्या शेवटच्या नाण्यावर यावे, हे मला तरी फार उचित वाटते. बनावट करणाऱ्याने नेहमीच्याच मार्काची नक्कल केली असती, तर तिथे नेमकी आपल्याला हवी असलेली अक्षरे दिसली असती.

मी दोन्ही नाणी आपल्यासमोर काट्यावर ठेवली होती, पण आपण तेव्हा फोनवर बोलत होता. दोन्हींचा व्यास २३.५ मिलिमीटर, एकावर एक ठेवली तर कड जुळते. तरीही वडिलांचा मार्क साडेपाच ग्रॅम भरला आणि सोन्याचा १२ ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून किंचित जास्त. त्याच आकारात इतके वजन शुद्ध सोन्याचेच भरते, पितळेवर मुलामा देऊन ते साधत नाही.

माझा आवाज का चढला, तेही सांगतो. आपण मला न विचारता डबी उघडली आणि अक्षरे नीट दिसावीत म्हणून गरुडाच्या पंखावर अंगठा घासला. तो ठसा आजही भिंगाखाली दिसतो आणि संग्राहक असे नाणे घेताना किंमत पाडून मागतो. आपल्याकडून मी त्याचे काहीही मागितले नाही आणि मागणारही नाही. पण आपल्या अभिप्रायात या गोष्टीचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

१ मार्कचे मध्यवर्ती बँकेत युरोचे ५१ सेंटच मिळतात हे आपले म्हणणे साध्या मार्कापुरते खरे आहे. सोन्याच्या मार्काची किंमत त्या दिवसाच्या सोन्याच्या भावावर ठरते आणि तो भाव दारातल्या फळ्यावर लिहिलेला असतो. गर्दीच्या दिवशी गिऱ्हाइकांना थांबावे लागू नये, यासाठीही काहीतरी व्यवस्था आम्ही लवकरच करू.

या नाण्याच्या १० लाख प्रती पाच टांकसाळींनी प्रत्येकी २ लाख अशा पाडल्या. आपण पाहिलेल्या नाण्यावर 'एफ' हे अक्षर आहे, म्हणजे ते याच शहरातल्या टांकसाळीत पाडलेले आहे. आपण ते हव्या त्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. मी स्वतः नाणे घेऊन सोबत येईन. येत्या शनिवारपर्यंत ते आपल्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे.

आपला नम्र,
दुकानमालक