पाटीलकी आणि पासपोर्ट

अमेरिकन नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात एक प्रश्न असतो: परदेशातली एखादी वंशपरंपरागत पदवी, सरदारकी वगैरे तुमच्याकडे आहे का, कधी होती का? असल्यास ती सोडायची तयारी आहे का? मी आडनावाने पाटील. आजोबांची मुलकी पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली, मागे राहिलं ते आडनाव. तरी ‘नाही’वर खूण करताना हात जरा अडखळलाच!

हे आठवायचं कारण, परवा एका गेट-टुगेदरला या नागरिकत्वाबद्दल पुन्हा तेच ऐकलं. "अरे, नुसता कागद असतो तो. व्हिसाची कटकट मिटते, बास."

मला हे बिलकूल पटत नाही. नागरिकत्वाची शपथ घेताना उजवा हात वर करून, आजवर ज्या परक्या राज्याचे आपण नागरिक होतो त्याच्यावरची निष्ठा पूर्णपणे सोडतो, असं शंभरेक माणसांत मोठ्याने म्हणायचं असतं. हे ‘परकं राज्य’ म्हणजे भारत. वेळ पडली आणि कायद्याने सांगितलं तर अमेरिकेसाठी शस्त्र उचलायचंही त्याच शपथेत कबूल करतो आपण. ओठ हलवून वेळ मारून नेणारे माझ्या शेजारीच उभे होते.

नागरिकत्वाच्या परीक्षेचा बाऊ मात्र नको. मी १०० प्रश्न पाठ केले होते. तेव्हा दहा विचारायचे, सहा बरोबर आले की सुटलो. (२० ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्न आहेत, २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात.) घाम फोडला तो अर्जात भरायच्या, पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्यांच्या तारखांनी. आईच्या मोतीबिंदूला नक्की कधी गेलो होतो, हे बोर्डिंग पास हुडकून काढावं लागलं.

मी नागरिक झालो ते मतासाठी. ग्रीनकार्डाच्या रांगेत ११ वर्षं, नंतर नियमाची पाच, एवढा काळ इथे टॅक्स भरला, पण शाळेच्या बोर्डावर कोण बसणार यात माझा शब्द नाही. भारतातलं मत होतं, पण ते द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहायला हवं. म्हणून शपथ घेऊनही मतदानाला न जाणाऱ्यांचा मला राग येतो. आणि दुहेरी नागरिकत्वाची मागणी करणाऱ्यांत मी नाही. जिथले खड्डे आपल्या गाडीखाली येत नाहीत, तिथे मत कशाला मागायचं?

वाईट वाटलं ते पासपोर्ट परत करताना. १९५५च्या कायद्याप्रमाणे शपथेबरोबरच भारतीय नागरिकत्व गेलेलं असतं, पण ते कळलं रद्दचा शिक्का मारलेला पासपोर्ट हातात आला तेव्हा. आता परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढलंय. त्यावर मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग सातबाऱ्यावर तुझं नाव लागायचं का नाही?"

"वारसाने लागेल अण्णा. फक्त नवीन घेता येणार नाही."

"नवीन कोण घ्यायलंय? आहे तीच कसायला माणूस मिळंना."