खुलासा: गुणसूत्रे सुटी तरंगत नाहीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांमध्ये एक टिपण फिरतेय: ‘केंद्रकात ४६ गुणसूत्रे एक्सच्या आकारात सुटी तरंगतात, परस्परसंबंध फक्त अर्धसूत्री विभाजनात (जननपेशी बनताना).’ हे चूक आहे.

एक्सचा आकार विभाजनापुरताच. एरवी ती उलगडलेली असतात, तरी केंद्रकात प्रत्येकाचा वाफा, म्हणजे ठरावीक जागा, वेगळा. बांधावर तेवढी सरमिसळ. मानवी लिम्फोसाइटमध्ये (एक पांढरी रक्तपेशी) जनुकांनी गच्च १९ वे आत, विरळ १८ वे कडेला. १३, १४, १५, २१, २२ यांचे रायबोसोमल आरएनएचे (प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या घटकाचे) जनुक-पट्टे केंद्रिकेत, म्हणजे केंद्रकातल्या दाट गोळ्यात, एकत्र येतात. परीक्षेत हेच विसरतात.

हा शेजार २००९ पासून हाय-सी पद्धतीने मोजतात: फॉर्माल्डिहाइडने डीएनए जागीच बांधायचा, विकराने (एन्झाइमने) कापायचा, जवळची टोके जोडून क्रम वाचायचा. केंद्रके फुटली, तर दूरची टोकेही जुळतात आणि खोटा शेजार दिसतो.