पोट भरलं की मूल आपोआप वाढतं?

‘खेड्यातलं मूल मोकळ्या हवेत आपोआप वाढतं. पोटाला मिळालं की झालं. संगोपन शिकवणं हे शहरी फॅड, आणि आई निरक्षर असेल तर त्याचा उपयोगही नाही.’ हा संदेश अनेक जण आपलेपणानं पुढे पाठवतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

पोटाला मिळालं की झालं? पोषण हवंच. पण १९८६-८७ मध्ये जमैकात, वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत होती. काहींना दोन्ही मिळालं. वीस वर्षांनी, खेळ-बोलणं मिळालेल्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा तसा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

ती मुलं किंग्स्टन शहरातली होती, हे मान्य. मग पाकिस्तानातल्या ग्रामीण सिंधकडे पाहा. तिथे सरकारी ‘लेडी हेल्थ वर्कर’नी आयांना हेच शिकवलं, आणि बाळांची समज, भाषा, हालचाली सुधारल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या कित्येक आया शाळेत गेलेल्या नव्हत्या. बाळाच्या हुंकाराला उत्तर द्यायला, काम करता करता वस्तूंची नावं सांगायला वाचता यावं लागत नाही.

‘आपोआप’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. बाळ जन्माआधीपासून ऐकतं. पण बोलायला लागेपर्यंत त्याला काही कळत नाही, असं घरात सगळेच धरून चालले, तर आई त्याला पाजते, न्हाऊ घालते, निजवते, आणि हे सगळं मुकाट्यानं. माया तिच्याकडे भरपूर असते. आपल्या बोलण्यानं बाळाचा मेंदू घडतोय, एवढं तिला कुणी सांगितलेलं नसतं. हे कळलं की त्याच आंघोळीत गप्पा सुरू होतात. मोकळी हवा बाळाला उत्तर देत नाही.

राहिलं ‘शहरी फॅड’. महागडी खेळणी आणि दिवसभराची मोकळीक गृहीत धरणारा सल्ला शेतात राबणाऱ्या बाईच्या कामाचा नाही, ही तक्रार रास्तच आहे. जमैकातली खेळणी मात्र टाकाऊ वस्तूंपासून घरीच बनवलेली होती.